कालवणाला आमिष म्हणतात

ताई, तुमी इचारलंत म्हणून सांगतो, मूळ आमचं निरवांगीचं. मी लहान असतानाच वडील पाळक म्हणून पळसदेवला आले, आता लोकं मला पळसदेवचा पास्टर म्हणून वळखत्यात, पण मूळ निरवांगीचं, तितं आमची जागा अजून हाय, त्यात बाभळी उगवल्यात आन भावकीचं एक जुनं भांडण उगवलंय, दोन्ही कुणी तोडत न्हाय. नाव माझं शमुवेल. वडलांनी शास्त्रातनं शोधून ठेवलं. पण शाळेत घालायला नेलं तवा मास्तर म्हणले हे नाव कुणाच्या जिभंवर बसायचं न्हाय, आन तवापासून सगळं गाव मला शामराव म्हणतंय. उपासनेत शमुवेल, रस्त्यावर शामराव. मी दोन्ही नावांना वळून बघतो.

आमच्या आज्यानं ख्रिस्ताचं नाव का घेतलं ते मला इचारू नका, मला तरी कुठं म्हायती. एवढं ऐकलंय की त्याच्या आधी गाव त्याला पाणी वरनं वतायचं, आन नंतर बी वरनंच वतायचं, म्हंजे गावाच्या हिशेबानं काय फरक पडला न्हाय. फरक एकच, की लोकं म्हणाया लागली ह्यानं पाव खाल्ला. त्या काळी पक्कं व्हतं डोक्यात, पाव खाल्ला की माणूस बाटतो, लांब कुठंतरी समुद्राकडं विहिरीत पाव टाकला आन आख्खं गाव बाटलं अशी गोष्ट म्हातारी माणसं सांगायची. आता निरवांगीला त्या दिवसांत कुठला आलाय पाव? आज्यानं पाव बघितलाबी नव्हता. पण तो असा चिडला, असा चिडला की म्हणला, मरेपर्यंत पावाला शिवणार न्हाय, प्रभुभोजनाला पाव मोडत्यात तितं बी न्हाय. तवापासून आमच्या घरचा पाळक प्रभुभोजनाला भाकर मोडतो. ज्वारीची. बारामतीहून, पुण्याहून मोठे पास्टर येत्यात, ते म्हणत्यात शमुवेलराव, हे बरं दिसत न्हाय, जरा पांढरा ब्रेड आणत जा. मी म्हणतो सायब, प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, रोजचा ब्रेड मागतो का?

भावकीचं सांगतो. आमचा आजा ख्रिस्ती झाला, बाकीची भावकी छप्पन सालानंतर बौद्ध झाली. आडनाव एक, आळी एक, लग्नाचं जेवण एक. माझा चुलतभाऊ मिलिंद गुरुजी, शाळेतनं रिटायर झालेला, आता आमच्याच वस्तीवर ऱ्हातो, तो माझा सगळ्यात जुना दोस्त. देव मानत न्हाय, अजाबात न्हाय, आन माझ्याशी देवावर बोलल्याशिवाय त्याला संध्याकाळचा च्या जात न्हाय. मला म्हणतो शाम्या, तुझ्या आज्यानं घाई केली, जरा दम धरला असता तर आमच्याबरोबर आला असता, एका खर्चात काम झालं असतं. मी म्हणतो तुमी उशीर केला त्याला आमी काय करणार. हे आमचं कैक वर्षं चाललंय. उजनीचं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, तवा आमी दोघं मोटरसायकलवर जातो, पायरीवर बसून शेंगा खातो आन भांडतो. एक पास्टर, एक बौद्ध, बसलेत महादेवाच्या दारात. कुणी आमाला कवा उठ म्हणलं न्हाय.

तरुणपणी मी भिगवणला मासळीच्या बाजारात व्हतो. बर्फ फोडायचा, पेट्या भरायच्या, टेम्पोत चढवायच्या. मला काय दर्शन-बिर्शन झालं न्हाय हो. कुणी कुणी सांगत्यात, उजेड दिसला, आवाज आला. माझं सरळ हाय. वडील पाळक व्हते, त्यांचा आवाज बसला, मला म्हणले एवढा एक रविवार तू वाच. तो एक रविवार अजून संपला न्हाय. पुढं चर्चच्या मंडळीनं शिकायला पाठवलं, तेबी केलं, पण सुरुवातीला मी वाचायला उभा राह्यलो की पुढच्या बाकावरच्या बाया पदर नाकाला लावायच्या, मासळीचा वास काय अंगातनं जात नव्हता. मी म्हणायचो, बायांनो, आपल्या प्रभूची निम्मी माणसं कोळी व्हती, त्यांच्या अंगाला काय अत्तराचा वास येत व्हता?

आता आमच्या रविवारच्या जेवणाचं सांगतो, कारण सगळं त्यावरनंच झालं.

आमचं प्रार्थनामंदिर म्हंजे पत्र्याची एक खोली, मागं एक पडवी, पुढं डांबरी रस्ता, पलीकडं ऊस आन त्याच्या पलीकडं उजनीचं पाणी. पाण्याच्या कडंला मासेमारीची बाहेरगावची कुटुंबं झोपड्या टाकून ऱ्हात्यात. त्यातली एक बाई, तिचा नवरा व्हडी घेऊन गेला की ती आमच्या भिंतीच्या सावलीला येऊन बसायची. आत या म्हणलं तर यायची न्हाय. आमच्या कुंदानं, म्हंजे माझ्या बायकोनं, एका रविवारी तिला भाकर दिली. पुढच्या रविवारी त्या बाईनं पदराखालनं चिलापी मासळी आणून दिली, आन कुंदाला म्हणाली फुकटचं मला पचत न्हाय. मग कुंदानं ती चिलापी तितंच पडवीत शिजवली आन समद्यांनी खाल्ली. बास. एवढंच झालं. ह्याला कुणी प्रीतिभोजन म्हणतं, मी कालवण म्हणतो.

चिलापीला लोकं नावं ठेवत्यात, चिखलाचा वास मारती म्हणत्यात. धुवायची अक्कल नसती त्यांना. मीठ, हळद, चिंचेचा कोळ चोळून ठेवायचं, पाणी सुटलं की वतून द्यायचं, परत धुवायचं. मग कांदा आन सुकं खोबरं जाळावर काळं होईस्तोवर भाजायचं, भ्यायचं न्हाय, काळं झालं पायजे, त्याचं वाटण, घरचं तिखट, आन मासळी शेवटाला सोडायची, चमचा घालायचा न्हाय, भांडंच धरून हलवायचं. मी तर म्हणतो माणसाचं बी असंच हाय, वास येतो म्हणून टाकून देऊ नका, धुवा की जरा.

तर व्हता व्हता पडवीत पंगत बसाया लागली. मासेमारीवाली यायची, कारखाना सुरू झाला की उसतोडीवाली यायची, ट्रॅक्टरवाले थांबायचे, मंडळीतली असायचीच. दोनच नियम. ताट आपापलं आणायचं, आन जेवताना उपदेश न्हाय. दुसरा नियम माझ्यासाठीच हाय, कारण मला बोलाया लई आवडतं. पण भुकेल्या माणसाला उपदेश करणं म्हंजे बांधून घातलेल्या जनावराला पळायला शिकवणं. तो ऐकतोय का त्याला जाता येत न्हाय, हे कसं कळणार? म्हणून न्हाय. जेवा, हात धुवा, जावा.

आन एक दिवस चौकीवरनं बोलावणं आलं.

मिलिंद गुरुजी म्हणला मी बी येतो, तुला शुद्ध मराठी समजत न्हाय. गेलो. सायब तरुण व्हते, वागायला वाईट नव्हते, खुर्ची दिली. म्हणले तुमच्याबद्दल अर्ज आलाय, तुमी आमिष दाखवून धर्मांतर करता. मी म्हणलं काय दाखवून? आमिष. मी म्हणलं सायब, मी तर काय दाखवत न्हाय, मी वाढतो. मग ते इचारायला लागले की काय वाढता, मी म्हणलं भाकरी, चिलापीचं कालवण, असला तर कांदा. शेजारचा जुना हवालदार कानात बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणला, सायब, मासळी म्हंजे सामिषच झालं की. झालं, गुरुजीतला मास्तर जागा झाला. तो सायबांना सांगाया लागला की बघा, आमिष म्हंजे मांस, सामिष म्हंजे मांस असलेलं, निरामिष म्हंजे नसलेलं, आन गळाला लावत्यात तेबी आमिषच, तवा ह्या अर्जात नक्की कुठलं आमिष हाय ते तपासायला पायजे, कारण कालवण आमिष असंल तर आमचा शामराव दोषी हाय, आन जेवणाऱ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लंय, तर पुरावा बी शिल्लक न्हाय. हवालदार हसला. सायब हसले न्हाईत. म्हणले गुरुजी, इनोद बाजूला ठेवा, वरनं इचारणा झाली तर मला उत्तर द्यावं लागतं, तुमी ते जेवण बंद करा, मी हे मिटवतो.

मी इचारलं अर्ज कुणाचा. त्यांनी सांगितलं. आबांचा किरण.

आता आबा म्हंजे कोण, तर आमच्या प्रार्थनामंदिराला लागून ज्यांचा ऊस हाय ते. चांगला माणूस. बोलत न्हाय फार. किरण त्यांचा धाकटा, कॉलेज करून घरी बसलेला, नोकरीची वाट बघतोय, चार पोरांचा मोबाइलवर ग्रुप हाय, त्यात दिवसभर काय काय येतं, ते वाचतो आन खरं मानतो. मी त्याला लबाड म्हणणार न्हाय. त्याला खरंच वाटत व्हतं की मला बाहेरनं कुणीतरी भांडं भरून देतं. त्याला काय म्हायती, कुंदा शनिवारी वाटण करती तवा खोबऱ्यावरनं आमचं किती भांडण व्हतं.

घरी आलो तर दारात आमचीच माणसं. मंडळीचे सेक्रेटरी दानिएलभाऊ, बारामतीला कंपनीत हायेत, चौकीची बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली व्हती. म्हणले पास्टर, बंद करा. मी म्हणलं का? म्हणले का काय, आपली घरं किती हायेत हितं, बोटावर मोजण्याइतकी, तुमाला काय, तुमी म्हातारे झाला, आमच्या पोरी लग्नाच्या हायेत, पोरं कामाला जात्यात, उद्या नाव झालं की हे बाटवणारे, तर तुमी येणार का कंपनीच्या गेटवर सांगायला? फक्त मंडळीच्या सभासदांना वाढा, बाकीच्यांना न्हाय म्हणा, सभासदाला वाढलं तर कुणाचा बाप काय म्हणतोय.

खरं सांगतो ताई, दानिएलभाऊंची भीती खोटी न्हाय. त्या माणसाला भित्रा म्हणणं सोपं हाय, पण त्याच्या घरात दोन पोरी हायेत, माझ्या घरात न्हाईत. मी म्हणलं भाऊ, तुमचं पटतंय, पण मला एक सांगा, ती मासेमारीवाली बाई ताट घेऊन दारात आली, तर तिला न्हाय म्हणायला तुमी उभं राहता का मी उभा राहू? ते म्हणले कुणी उभं राहायची गरज न्हाय, पडवीला कुलूप लावू. आन लावलं. किल्ली घेऊन गेले.

गुरुजी म्हणला, पुढच्या रविवारी वांग्याची आमटी कर, निरामिष, मग कसं आमिष म्हणत्यात बघू. म्हणलं गुरुजी, आता इनोद नको. मला लई राग आला व्हता. किरणचा न्हाय, सायबांचा बी न्हाय. मला राग आला त्या शब्दाचा. तुमी बघा, मी जन्मभर दुसऱ्याच्या घरी जेवत आलोय. आबांच्या थोरल्या पोराच्या लग्नात जेवलोय, जत्रंत मटण खाल्लंय, दिवाळीत ताटं आल्यात, पुरणाच्या पोळ्या किती खाल्ल्या असतील त्याला सुमार न्हाय, गुरुजीच्या घरी जयंतीची खीर दरवर्षी. मी हिंदू झालो? मी बौद्ध झालो? मला कुणी आमिष दाखवलं असं मला कवा वाटलं न्हाय. मला वाटलं, माणसं माया करत्यात. मग माझ्या हातचंच तेवढं आमिष कसं? तुमचं वाढणं माया आन माझं वाढणं गळ, व्हय? हे मला सहन झालं न्हाय. आज्याचा पाव मला तवा कळला, तोंडाला न लावलेला पाव.

रविवार आला. उपासना झाली. बाहेर माणसं ताटं घेऊन उभी. पडवीला कुलूप बघून ती बाई मला म्हणाली पास्टर, कुणी मेलं का? मी म्हणलं न्हाय बाई, आज चूल न्हाय, आज मीच जेवायला चाललोय. आन निघालो. कुंदा मागनं वरडली, कुठं? मी म्हणलं आबांच्या घरी. ती म्हणाली बोलावलंय का? म्हणलं न्हाय. आमचा प्रभू किती वेळा बोलावल्यावर गेला? गाव ज्याला नावं ठेवायचं त्याच्या घरी तो आपणहून जेवायला जायचा, हे मी इतकी वर्षं सांगतोय, पण मी कवा गेलो न्हाय. मी आपला वाढतच राह्यलो. वाढणाऱ्याचा हात वर असतो, ताई. खाली हात करून बसायला जास्ती छाती लागती.

गुरुजी म्हणला थांब, मी बी येतो, बाटायचं तर दोघं बाटू.

आबांच्या ओसरीवर किरण मोबाइल बघत बसला व्हता. आमाला बघून उठला. आबा आतनं आले, या शामराव, या गुरुजी, काय काम काढलं? मी म्हणलं काम काय न्हाय आबा, जेवायला आलोय. आता तुमी हिकडच्या असाल तर तुमाला म्हायती असंल, जेवायच्या येळंला दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत हिकडं न्हाय. आबा म्हणले बसा की. किरण म्हणला, पास्टर, नाटक कशाला करताय? मी म्हणलं नाटक न्हाय बाळा, तू लिहून दिलंस की माझ्याकडं जेवलं की माणूस ख्रिस्ती व्हतो, तर म्हणलं तुझ्याकडं जेवून बघावं आपलं काय व्हतंय. आबांनी त्याच्याकडं बघितलं. आबांना म्हायतीच नव्हतं. काय लिहून दिलं रे, म्हणले. गुरुजी म्हणला, किरण, मी तर शामरावाच्या हातचं जन्मभर खातोय आन अजून देव मानत न्हाय, तर आता तूच सांग, तुझा अर्ज खोटा हाय का त्याच्या कालवणात तिखट कमी पडतंय?

आबांनी ओसरीवर सतरंजी टाकली. हितं थोडं थांबून सांगतो. माझा बाप ह्याच घराच्या गोठ्यात जेवलाय, केळीच्या पानावर, आन मी लहानपणी ह्या घरात जो च्या प्यालोय त्या कपाला कान नव्हता आन तो वळचणीला असायचा. आबांनी कवा ते काढलं न्हाय, मी बी न्हाय, पुढं सगळं आपसूक बदललं, लग्नात एका पंगतीला बसलो, पण मांडवात बसणं येगळं. ओसरी ती ओसरीच. आन आतनं आबांच्या मंडळी, आमच्या वैनी, वरडल्या, तितं कुठं बसवता त्यांना, एवढ्या लांब गरम भाकर आणायला मला कंबर हाय का? आत येऊन बसा म्हणावं.

आत गेलो. चुलीपाशी बसलो. शेवग्याच्या शेंगांची आमटी, भाकरी, जवसाची चटणी. घरात सगळ्यांची असतात तसलीच स्टीलची ताटं. आबा माझ्या अंगाला बसले. मी मनातल्या मनात उपकार मानले, डोळं मिटून, आन उघडले तर आबा जेवायचे थांबले व्हते, माझं होईस्तोवर. किरण दारातच उभा. वैनी त्याला म्हणाल्या बस की रं, तर म्हणला मला भूक न्हाय. मग जे बोलला ते मी तुमाला जसंच्या तसं सांगतो, कारण पोरगं मुद्द्याचं बोललं. म्हणला, पास्टर, एवढं साधं असंल तर वर क्रॉस लावलेल्या भिंतीच्या मागंच का वाढता? लपून का वाढता? वाढा की रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आन गाडीला किक मारून गेला.

आबा म्हणले शामराव, मी त्याला अर्ज माघारी घ्यायला सांगीन, पण तो माझं ऐकंल असं न्हाय, हल्ली ऐकत न्हाय. मी म्हणलं सांगू नका आबा. पोरगं खरं बोललंय. पडवी मागं हाय. धुराचा तरास नको म्हणून मागं केली व्हती, पण मागं ती मागं. माणसाला जे दिसत न्हाय त्याचा संशय येतो. वैनी म्हणाल्या मीठ बरुबर हाय का? म्हणलं वैनी, जास्ती हाय. त्या म्हणाल्या मग भाकर जास्ती खावा. अशी ती माणसं.

पुढच्या रविवारी मी पडवीचं कुलूप तसंच राहू दिलं. रस्त्याच्या कडंला, डांबराला लागून, तीन दगड मांडले. मोठं पातेलं गुरुजीच्या घरनं आणलं, जयंतीचं. गुरुजीला वाटण भाजाया बसवलं, त्यानं जाळलं, काळं म्हंजे कोळसा केलं, बायांनी त्याला उठवलं. आन काय केलं म्हणाल? आमटी न्हाय. निरामिष न्हाय. चिलापी. भिगवणच्या बाजारात जाऊन मी स्वतः निवडून आणली. म्हणलं करायचंच हाय तर ज्याला आमिष म्हणत्यात तेच करू, आन उघड्यावर करू, टेम्पोवाला बघंल, एसटीतली बघत्याल, उसाच्या ट्रॅक्टरवरनं पोरं बघत्याल. बघा. हे आमिष. ह्याला वास येतो. ह्याला काटं हायेत. ह्यानं कुणी ख्रिस्ती झालं न्हाय, ढेकर मात्र लई दिल्या.

आबा आले न्हाईत. वैनी बांधावरनं बघून गेल्या. दानिएलभाऊंनी तीन घरं घेऊन उपासनेला यायचं बंद केलंय, ते बारामतीला जात्यात आता, मला वाईट वाटतं, त्यांचा आवाज गाण्यात चांगला व्हता, बायकापोरांसकट गेले तर एक कोपरा मोकळा झाला. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. च्या दिला, बिस्कीट दिलं, किल्ली मागितली न्हाय मी, त्यांनी बी दिली न्हाय. मोठे पास्टर फोन करत्यात, शमुवेलराव, सुज्ञपणा ठेवा. मी म्हणतो सायब, सुज्ञपणा ठेवतोच हाय, मासळी ताजी असल्याशिवाय घेत न्हाय. किरण अजून तितंच बसतो, ओसरीवर, मोबाइल घेऊन. मला बघून मान फिरवतो. मी हाक मारतो. मारणार. त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

माझा देव काय एवढा हलका न्हाय की एका भाकरीत तो माणसाच्या पोटात जाईल आन दुसऱ्या भाकरीत बाहेर पडंल. आन समोरचा माणूस काय एवढा हलका हाय का, की त्याचा देव मी कालवणाच्या वाटीत बुडवीन? हा त्या माणसाचा अपमान हाय. गरीब हाय म्हणून काय तो पोट दाखवल्यावर देव इकतो? ती मासेमारीवाली बाई तिच्या देवाचा टाक डबीत ठेवती, जेवायच्या आधी डबीला हात लावती, मग जेवती. मी बघितलंय. मला त्यात काय खुपलं न्हाय. तिचं झालं की मग मी वाढतो.

मागल्या रविवारी सायब स्वतः आले, गाडी घेऊन. चूल पेटलेली, पातेलं चढलेलं, पंगत बसायची व्हती. गाडीतनं उतरले, सगळं बघितलं. म्हणले पास्टर, मी तुमाला सांगितलं व्हतं. मी म्हणलं व्हय. म्हणले परत ही चूल पेटली तर मला तुमाला आत घ्यावं लागंल. कुंदाच्या हातातला डाव तसाच. मी भ्यालो न्हाय असं म्हणत न्हाय, माझं वय झालंय, मला लॉकअपमध्ये बसणं सोसायचं न्हाय. पण तोंडातनं आलं ते आलं. म्हणलं घ्या की सायब. फक्त एवढं आधी सांगा, आत किती माणसं असत्यात जेवायला, तेवढी चिलापी जास्ती आणतो.

सायब माझ्याकडं बघत राह्यले. हवालदार पातेल्याकडं बघत राह्यला. मग गाडीत बसून गेले. जेवले न्हाईत. काय करत्यात अजून कळलं न्हाय.

देव त्यांचं बरं करो. दानिएलभाऊंच्या पोरींची लग्नं चांगल्या घरी होवोत, किरणला नोकरी लागो, आन सगळ्यांना चांगली भूक लागो, माझ्या प्रार्थनेत आता एवढंच असतं. ह्या रविवारी काय व्हईल म्हणून इचारता? व्हायचंय काय, बाजारात सांगून ठेवलंय, मासळी येणार. मी बाहेर असलो तर मी वाढीन. आत असलो तर कुंदा वाढंल, आन तिच्या हातचं माझ्यापेक्षा चांगलं व्हतं.